बर्फाचा प्रश्न

फोन आला तेव्हा मी तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसले होते. फिलू जेवायला येणार होती. ओरोसच्या रुग्णालयातून निघतानाच तिने मला बजावलं होतं, "सुका कर गो, पाणचट नको." त्यामुळे फोन वाजला तेव्हा वाटलं, तिचीच आणखी काही फर्माईश असणार. पण पलीकडून तिच्या विभागातली सिस्टर बोलत होती. ती नुसतं "बाई... बाई..." करत राहिली, तेव्हा मी चिडून म्हटलं, "अगं, सरळ बोल ना काय ते!" मग ती सरळ बोलली. हायवे सोडून मालवणच्या रस्त्याला लागताना चिऱ्यांनी भरलेल्या डंपरने फिलूच्या स्कूटरला मागून उडवलं होतं. जागीच गेली. मोडलेली, चिरडलेली, फाटलेली माणसं आयुष्यभर जिने ओढून परत आणली, तिच्यासाठी काही करायची वेळच कोणावर आली नाही. रक्ताची बाटली लागली नाही, श्वासाची नळी लागली नाही. लागली ती फक्त ताडपत्री. मी तिसऱ्यांचं पातेलं उचललं आणि परसात भिरकावून दिलं. दुःखाने माणसं सुन्न होतात म्हणे. मला राग येतो. आता कित्येक आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही, तेव्हा वाचकांनी या लेखात हळवेपणा शोधू नये.

डॉ. फिलोमिना लोबो हे तिचं पाटीवरचं नाव. आमच्यासाठी ती फिलू. मालवणात आम्ही एका शाळेत, एका बाकावर शिकलो. तिसरीत असताना एका मुलाने माझी वेणी बाकाला बांधली, तेव्हा फिलूने त्याच्या डोक्यात पाटी घातली. खोक पडली, रक्त वाहायला लागलं. सगळा वर्ग बोंबलत बाहेर पळाला. फिलूने मात्र स्वतःच्या फ्रॉकचा पट्टा सोडला आणि त्या मुलाचं डोकं गच्च आवळून बांधलं. दोन्ही कामं तिने सारख्याच जोरात केली. पुढे ती भूलतज्ज्ञ झाली, आणि मग जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात गंभीर जखमींसाठी असलेल्या अतिदक्षता विभागाची प्रमुख. मी मालवणातच मराठी शिकवत राहिले. लग्न दोघींनीही केलं नाही. लोक कारण विचारत तेव्हा ती म्हणायची, "माका रोज इतकी माणसा बांधून ठेवची लागतत, आणि एक कित्याक?"

बांधून ठेवावी लागत, हे खरंच. एकदा तिला डबा द्यायला गेले, तेव्हा काचेतून पाहिलं. डोक्याला मार लागलेला एक धिप्पाड माणूस खाटेवरून उठून नळ्या उपटत होता, सिस्टरच्या पोटात लाथा घालत होता, आणि फिलू, माझ्या खांद्याएवढी फिलू, त्याच्या छातीवर अक्षरशः आडवी पडून त्याचा हात खाटेच्या दांडीला बांधत होती. तिच्या मानेवर त्याच्या नखांचे ओरखडे उठले होते. आपण कोकणाला शांत म्हणतो. शांत आहे, पर्यटकांसाठी! फिलूच्या दाराशी जे कोकण यायचं त्यात हायवेवर सपाट झालेल्या मोटारसायकली होत्या, माडावरून पडलेले पाडेली होते, गव्याने उचलून आपटलेले बागायतदार होते, आणि बांधाच्या वादात सख्ख्या चुलत्याने कोयत्याने उघडा पाडलेला खांदा होता. ती सगळ्यांना शिवून, टोचून, बांधून जगवायची, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन बांगड्याची कढी ओरपायची. कढीचा लाल रंग बघून मलाच कसंतरी व्हायचं, तिला नाही.

ज्या माणसामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो आचऱ्याकडचा बाबल तांडेल. बंदरावर उतरलेली मासळी बर्फात भरून पिकअपने गोव्याला न्यायची, हा त्याचा धंदा. आईबापामागे त्याने धाकट्या भावाला, अजितला, मोठं केलं होतं. अजित ट्रॉलरवर खलाशी होता. एका सकाळी जाळं ओढणाऱ्या यंत्राचा दोर त्याच्या मांडीला आवळला, आणि सोडवेपर्यंत मांडी आतून फाटली. ट्रॉलर बंदराला लागला तेव्हा तो शुद्धीवर होता, भावाला हाका मारत होता. रुग्णवाहिकेची वाट कोण बघणार? बाबलने पिकअपमधली मासळी जेटीवर ओतली, बर्फ पसरला, त्यावर भावाला निजवलं, मांडीवर, पोटावर, दोन्ही बाजूंनी आणखी बर्फ रचला आणि गाडी सोडली. या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसालाच सुचेल असा हा उपाय. ज्याने जन्मभर बर्फाने नासणारी वस्तू वाचवली, तो आणखी काय करणार?

अजित दुपारी गेला. फिलूने बाहेर येऊन सांगितलं. बाबलने आधी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग सलाईन टांगायचा लोखंडी स्टँड उचलून तिच्या तोंडावर मारला. ती पडली. पडल्यावर त्याने लाथा घातल्या. त्याच्यासोबत आलेल्यांनी काचा फोडल्या, औषधांची कपाटं पाडली, एका वॉर्डबॉयचा हात मोडला. आत नळ्या लावलेली माणसं पडून होती आणि बाहेर हे चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला पाहिलं तेव्हा तिचा एक डोळा मिटलेला, समोरचा दात गेलेला, बरगडीला पट्टा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "त्याला सडवायचा तुरुंगात. मी येते साक्षीला." फिलू सुजलेल्या ओठांनी भलतंच बोलली. "सुनंदा, अजित थंड होतो गो. आणलो तेवा बर्फातल्या सरंग्यासारखो थंड. आमी कितीव केला तरी रक्त थांबाक तयार नाय..." मग तिने मला बर्फाची गोष्ट सांगितली. तिला ती पिकअपबरोबर आलेल्या एकाने रडत रडत सांगितली होती. अंग गार पडलं की रक्त लवकर गोठत नाही, यातलं बाबलला काही उमगलेलं नव्हतं. तो सगळ्यांना सांगत फिरत होता, "मी भावाक बर्फात जपून नेललंय. डाक्टरणीन मारल्यान."

फिलूने पोलिसात तक्रार दिली, आणि कोणी कितीही मध्यस्थी केली तरी ती शेवटपर्यंत मागे घेतली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तिच्या शोकसभेत तिला क्षमेची मूर्ती करून टाकलंय. ती तसली नव्हती. बरगडी जुळल्यावर ती बाबलच्या घरी गेली, पण क्षमा करायला नाही. मी बरोबर होते. तिला एकटीला सोडायची माझी छाती झाली नाही. बाबल अंगणात जाळं विणत बसला होता. तिला पाहून उठला, आणि त्याला कुठे बघावं ते कळेना. फिलू म्हणाली, "केस चलतली. माझो दात पाडलंस, त्येचा उत्तर तू कोर्टात दी. मी दुसऱ्या कामाक इलंय. त्या दिसा तुका आमका काय विचारुचा होता?"

बाबलने हातातलं जाळं खाली टाकलं. मग म्हणाला, "माका आत कित्याक सोडूक नाय? भाव आत मरता, आणि मी भायर चपलांच्या ढिगार बसललंय. कोणाक विचारू? जो येता तो म्हणता, थांब."

"ह्याच येवन सांग," फिलू म्हणाली. "सगळ्यांच्या समोर."

त्याचं असं होतं. गंभीर जखमींच्या उपचारांबद्दल पुढच्या काही वर्षांत कोणत्या प्रश्नांवर आधी संशोधन करायचं, हे ठरवायला निरनिराळ्या रुग्णालयांतले डॉक्टर एकत्र येणार होते. प्रश्न ढीगभर, पैसा आणि माणसं मूठभर. मग आधी कुठला घ्यायचा? फिलूने त्यात पाय रोवून एक अट घातली. अर्ध्या खुर्च्या डॉक्टरांच्या. उरलेल्या अर्ध्यांवर खाटेवर पडलेले आणि दाराबाहेर बसलेले. "आजपर्यंत खाटेवरच्याक कोणी विचारला काय, बाबा, तुका कसला उत्तर होया?" असं ती माझ्याशी भांडायची, जणू मीच विरोधात होते. मला तिने कामाला जुंपलं. डॉक्टरांचे प्रश्न साध्या मराठीत आणायचे आणि लोकांचे डॉक्टरांना कळतील असे मांडायचे, हे माझं काम. पस्तीस वर्षं व्याकरण शिकवून मी जे पुण्य कमावलं नाही, ते तिथे कमावलं असेल.

पहिली सभा ओरोसला एका सभागृहात भरली. डॉक्टर बोलले. कुठलं द्रव द्यावं, रक्त किती द्यावं, श्वासाची नळी कधी काढावी. मी सगळं सोपं करून सांगितलं. मग लोकांची पाळी आली आणि लोक दगड झाले. सरकारी इमारतीत शिरलं की आमची माणसं शुद्ध बोलू लागतात, आणि शुद्ध बोलायचं म्हटलं की काहीच बोलत नाहीत. "साहेब सांगतील तसं," एवढंच. पांढऱ्या केसांचे एक बाहेरगावचे तज्ज्ञ घड्याळाकडे बघायला लागले. तेव्हा फिलू उठली, चपला काढल्या, हात जोडले, आणि गळ्यात क्रूस असलेल्या त्या बाईने भर सभेत देवळातलं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज जी तुझी लेकरा हय जमली आसत, तेंच्या मनात जा काय विचारुचा आसा, ता तेंच्या तोंडात येव दी रे म्हाराजा!" क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून कोणीतरी सवयीने ओरडलं, "व्हय म्हाराजा!" हशा पिकला. आणि मग सगळंच फुटलं. गाऱ्हाणं घालताना माणूस देवाशी बोलतो, डॉक्टरशी नाही. त्यामुळे भीड उरत नाही.

कणकवलीकडची एक बाई उभी राहिली. तिच्या मनगटावर निळा डाग होता. "माझो घो तुमी जगवलात रे म्हाराजा. बरो होवन घराक गेलो, असा कागदार लिवलात. पण घराक इलो तो माणूस माझो नाय. आदी कदी हात उगारूक नाय तेणी. आता ताट फेकून मारता, पोरांचो गळो धरता. डोक्याक मार लागललो माणूस घराक गेल्यार त्या घराचा काय होता, ता तुमी कदी बघितलात काय म्हाराजा?" यावरचं "व्हय म्हाराजा" अगदी हळू आलं. त्या तज्ज्ञांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला, आणि नंतर त्यांनी घड्याळ पाहिल्याचं मला आठवत नाही. बाबलही बोलला. दाराबाहेरच्या माणसाला कोणी, कधी, काय सांगायचं, आणि शेवटचा हात धरायला आत सोडलं तर पेशंटचं काही बिघडतं का? तो बोलत असताना मी फिलूच्या तोंडातल्या त्या खिंडाराकडे बघत होते. दात अजून बसवला नव्हता तिने.

प्रश्नांची छाननी होत होत शेवटच्या सभेची वेळ आली, आणि आमचं भांडण झालं ते तेव्हा. फिलूने मला सांगितलं, "आणि एक प्रश्न लिही. रक्त जाता त्या माणसाक बर्फात घालून नायतर उघड्यार आणूच्या ऐवजी गरम ठेवन आणलो, तर तो जास्त जगता काय?" मी लिहिता लिहिता थांबले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतके दिवस मला त्या माणसाच्या तोंडावर हेच मारायचं होतं. तू मारलास तुझ्या भावाला. तू, तुझ्या हाताने, तुझ्या बर्फाने... वर हिचा दात पाडलास. मी म्हटलं, "आता कळेल त्याला." फिलू भडकली. तिने टेबलावर हात आपटला, कप उलटला, माझ्या कागदांवर चहा सांडला. "काय कळतला? माकाच म्हायत नाय तर त्येका काय कळतला? रक्त जाताना थंडी वायट, ता पुस्तकात आसा. पण अजितची शीरच तुटलली. गरम आणलो असतो तरी गेलो असतो काय? माका म्हायत नाय. आमचो एसीय चलत होतो सुनंदा. मगे मीय मारलंय म्हण. आपल्या रस्त्यार, ह्या अंतरार, घोंगडीन कितको फरक पडता, ता कोणी मोजूकच नाय. म्हायत नसलेला म्हायत आसा असा सांगितलंय, तर तीय मारामारीच!"

"मग बर्फ शब्द काढून टाक," मी म्हटलं. आता मलाच बाबलची कीव यायला लागली होती, आणि त्याचा मला आणखी राग आला.

"काढूचो नाय. आज खंयच्यातरी बंदरार कोणतरी आपल्या माणसाक बर्फार निजयता आसतलो," ती म्हणाली. सभेआधी बाबलला एकट्याला गाठून सांगायचं तिने ठरवलं होतं. ती गेलीसुद्धा. पण तो मासळी घेऊन गोव्याला गेलेला होता.

शेवटच्या सभेत प्रश्न वाचून दाखवायचं काम माझं होतं. प्रत्येकाच्या हातात मूठभर काजूच्या बिया दिल्या होत्या, आणि टेबलावर एकेका प्रश्नापुढे एकेक वाडगं. ज्याला जो प्रश्न मोठा वाटेल, त्याने त्या वाडग्यात बिया टाकायच्या. हव्या तशा वाटायच्या. मी वाचत गेले. बर्फाचा प्रश्न आला. बाबल दुसऱ्या रांगेत बसला होता. मी मोठ्याने, सावकाश वाचला, आणि नजर वर करून त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी नुसताच ऐकत होता. मग तोंड थोडं उघडलं. मग त्याने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं, पालथे केले, पुन्हा उलटे केले... त्याच्या घशातून एक आवाज आला, कोणीतरी पोटात गुद्दा मारल्यावर येतो तसा. माणसाला मारायला लोखंडी स्टँडच लागतो असं नाही, हे मला तेव्हा कळलं. मारणारी मी होते.

डॉक्टर बिया वाटत वाटत फिरत होते, इथे दोन, तिथे चार. बाबल उठला, सरळ त्या वाडग्याशी गेला, आणि दोन्ही मुठी त्यात रिकाम्या केल्या. दाराबाहेरच्या माणसाबद्दलच्या त्याच्या स्वतःच्या प्रश्नाला एकही बी ठेवली नाही. मग कोणाशी न बोलता तो बाहेर पडला. फिलू त्याच्यामागे धावली, पण ती आवारात पोचेपर्यंत पिकअप गेली होती. बर्फाचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर आला. त्यावर काम सुरू झालं आहे. रुग्णवाहिकांतून, बंदरांवरून, आणणाऱ्यांना विचारून माहिती गोळा होते आहे. उत्तर यायला वर्षं लागतील. बाबलकडे जायचं फिलू रोज म्हणायची. आज हा पेशंट, उद्या तो. कोर्टाची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि ती भेटही राहून गेली. मग तो डंपर आला.

परवा मी तिच्या घरी होते. गोव्यातल्या तिच्या भावाने खोल्या आवरायला सांगितल्या होत्या. दुपारी फाटक वाजलं. बाबल तांडेल. दाढी वाढलेली, हातात चपला. त्याला बघून माझ्या मुठी आवळल्या गेल्या. ती मेली आणि हा चालतोय, एवढंच डोक्यात आलं. पायऱ्या चढून तो दारापुढच्या ओट्यावर, बल्कांवात आला. फिलूच्या घराला पुढे जुन्या पद्धतीचा बल्कांव आहे, दोन बाजूंना दोन दगडी बाकं. उजवीकडचं फिलूचं. ड्युटीवरून आली की ती त्यावर पाय पसरून बसायची, त्यामुळे तिथला गिलावा झिजून गुळगुळीत झाला आहे. ती गेल्यापासून मी तिथे कोणाला बसू दिलेलं नव्हतं. शेजारणी आल्या, पाद्री आले, सगळ्यांना मी डावीकडे बसवलं. बाबल कुठे बघत नव्हता. तो उजवीकडच्याच बाकावर जाऊन बसला.

"बाई," तो म्हणाला, "डाक्टरणीक विचारूचा होता. ती नाय, म्हणान तुमका विचारतंय. तुमी शिकलेली माणसा, खरा सांगा." त्याने चपला खाली ठेवल्या. "माझो भाव माझ्या हातान मेलो काय?"

हो म्हणायला एक क्षण लागला असता. तिचा दात, तिची बरगडी, चिऱ्यांखालची तिची स्कूटर, सगळ्याचा हिशेब मी त्या एका शब्दात चुकता केला असता. नाही म्हणायलाही एकच क्षण. तो हात जोडून निघून गेला असता आणि मला मोठेपणा मिळाला असता. मी डावीकडच्या बाकावर बसले. म्हटलं, "बाबल, माहीत नाही. मला नाही, फिलूलाही नव्हतं. तिने माझ्यावर कप उलटवून सांगितलं होतं, माहीत नाही ते माहीत आहे म्हणून सांगायचं नाही. ते शोधायला घेतलंय. तू बिया टाकल्यास ना, तेच."

तो रडला नाही. माडाची एक झावळी पडली तेव्हा दोघेही दचकलो.

"उत्तर गावला की माका सांगशात?"

"सांगेन."

"कसलाय आसला तरी?"

"कसलंही असलं तरी."

त्याने मान हलवली, आणि पाठ भिंतीला टेकून डोळे मिटले. घरात कामं पडली होती. तो फिलूच्या जागेवर बसला होता, आणि मी त्याला ऊठ म्हटलं नाही.